डाव सरावात बसतो, लढतीत का बसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय २४, वजन ६६ किलो, तीन वर्षं ज्युदो चालू आहे. इप्पोन सेओई नागे हा आवडता डाव, म्हणजे समोरच्याचा दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात पकडून त्याला पाठीवरून पुढे टाकायचा. जोडीदार उभा राहून देतो तेव्हा डाव दर वेळी बसतो. रांदोरीत, म्हणजे खुल्या लढतीच्या सरावात, महिन्याकाठी एखादा लागतो, आणि समोरचा जरा जड असला तर तोही नाही. "ताकद कमी पडते की तंत्र चुकतंय? फेकीचा डाव नक्की कशामुळे लागतो?"

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत मातीत वाढलो, सतराव्या वर्षी ज्युदोच्या मॅटवर आलो आणि गेली बावीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुधा मेहनती मुलगा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोल जाणं आणि पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथून सुरुवात करू. रस्त्यात ठेच लागली की माणूस पडत नाही, दोन पावलं धडपडतो आणि उभा राहतो. एसटीने अचानक ब्रेक मारला की दांड्याला न धरता उभा असलेला माणूस एक पाय पुढे टाकतो आणि सावरतो. शरीर हे आपल्याला विचारून करत नाही. तोल ढळला की पाय आपोआप त्या बाजूला जातो. समोरच्याला तुम्ही ओढलंत, वाकवलंत, टाचांवर आणलंत, तरी त्याला एक पाऊल टाकायला मिळालं की तुमची सगळी मेहनत त्याने पुसून टाकली. फेक लागते ती हे सावरायचं पाऊल त्याला मिळालं नाही तर. तुम्हाला येत असलेले सगळे डाव या नजरेने पुन्हा बघा. ताई ओतोशीत तुमची पोटरी त्या पावलाच्या वाटेत आडवी पडलेली असते. सासाए त्सुरीकोमी आशीत तळवा त्याच्या घोट्यावर टेकून तुम्ही त्याला पाऊल उचलूच देत नाही. देआशी बाराईत टाकलं जात असलेलं पाऊल जमिनीला पुरतं टेकायच्या आत वाहून नेता. ओसोतो गारीत ज्या एका पायावर तो उभा आहे तोच काढून घेता. आणि सेओई नागेत दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, मग टाकायला पाऊलच उरत नाही.

आता तुमचा सराव आठवा. उचिकोमीत, म्हणजे फेक पुरी न करता डावात पुन्हा पुन्हा शिरायच्या सरावात, जोडीदार उभा असतो. तुम्ही आत शिरता, पाठ लावता, तो थोडा उचलला जातो, तुम्ही बाहेर येता. शंभर वेळा. या शंभरात त्याने एकदाही सावरायचं पाऊल टाकलेलं नसतं. म्हणजे फेकीतला जो खरा झगडा आहे त्याच्याशी तुमची तीन वर्षांत ओळखच झालेली नाही. डावाची आकृती तुम्ही पाठ केली आहे, आणि ती चांगली बसली असणार यात मला शंका नाही. पण रांदोरीत समोरचा पाऊल टाकतो आणि तुम्ही रिकाम्या जागेत पाठ लावून उभे राहता.

शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित खाली असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात तो जमिनीपासून साधारण ९३ ते ९५ सेंटिमीटरवर येतो. या बिंदूतून खाली सोडलेला ओळंबा दोन पावलं आणि त्यांच्यामधली जागा यांच्या आत पडतो तोवर माणूस उभा. दोन टाचा जोडणारी एक रेघ मनात ओढा. त्या रेघेच्या दिशेने माणूस भक्कम असतो, तिला काटकोनात कच्चा. पाय बाजूला फाकवून उभ्या असलेल्याला बाजूने खांद्याला ढकला, सहजी हलणार नाही. तोच छातीवर चार बोटं लावली की मागे जातो. एक पाय पुढे, एक मागे असं उभं राहिलं की कच्ची दिशा फिरते, तिरकी होते. तिपाईचा तिसरा पाय जिथे असायला हवा होता ती ही जागा. चांगला लढवय्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघताना दिसतो, पण हातातून त्याला ही रेघ कळत असते. ती प्रत्येक पावलागणिक फिरते, म्हणून दर पावलाला वेगळा डाव उघडा पडतो.

हे ज्ञान काही आजचं नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा चटयांच्या, खोलीत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते आणि स्वतः जुजुत्सूतल्या कितो-र्यू परंपरेच्या इइकुबो या गुरूंकडे शिकत होते. इइकुबो पन्नाशीच्या आसपासचे, पण रांदोरीत शिष्यालाच सहज टाकायचे. पुढे दोन-तीन वर्षांनी एक दिवस उलटं झालं. कानोंनी गुरूंना पुन्हा पुन्हा फेकलं आणि गुरूंचा एकही डाव लागेना. हे कसं झालं असं विचारल्यावर कानोंनी सांगितलं की फेकायच्या आधी समोरच्याचा तोल कसा मोडायचा याचा मी अभ्यास केला. त्यावर, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, असं इइकुबो म्हणाले. हा प्रसंग कानोंनी स्वतः सांगितलेला आहे. ज्युदोत फेकीचे कुझुशी, त्सुकुरी आणि काके असे तीन टप्पे शिकवतात, म्हणजे तोल मोडणं, स्वतः योग्य जागी येणं आणि फेक पुरी करणं. त्यामागे हा अभ्यास आहे.

या तीन टप्प्यांबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. वर्गात ते एक, दोन, तीन असे मोजून शिकवले जातात, आणि मुलं तसेच करतात. आधी ओढतात, मग थांबतात, मग वळतात. त्या थांबण्यात समोरच्याचं पाऊल पडून जातं. लढतीत तोल मोडणं आणि आत शिरणं एकाच वेळी व्हायला हवं. तुमच्या वळण्यानेच त्याचा तोल मोडला पाहिजे. सेओई नागेत आपण वळतो तेव्हा आपलं सगळं वजन त्याच्या बाहीला लटकतं, आणि हाताने ओढण्यापेक्षा हे ओढणं कितीतरी मोठं असतं. हात फक्त दोरी, ओढणारं धड.

आता तुमच्या डावाकडे येतो. फेकींचे ढोबळ दोन प्रकार करता येतात आणि तुमची अडचण त्यात नेमकी सापडते. दगड हलवायला आपण पहार लावतो. पहारेखाली टेकू असतो, आणि टेकू दगडाच्या जितका जवळ तितकं काम सोपं. सेओई नागे, ताई ओतोशी हे पहारेचे डाव. तुमची कंबर किंवा पोटरी हा टेकू, आणि त्यावरून समोरचा कलंडतो. दुसरा प्रकार नळाची चावी फिरवण्यासारखा. अंगठा एका बाजूला ढकलतो, बोट दुसऱ्या, आणि चावी जागच्या जागी फिरते. ओसोतो गारी, उची माता, देआशी बाराई हे चावीचे डाव. वरचं अंग एका दिशेला जातं, पाय उलट दिशेला.

लढतीच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे. चावीचे डाव हलत्या माणसाला लागतात. त्याचा तोल फार मोडलेला नसला तरी चालतं, कारण एकाच वेळी दोन उलट दिशांना जोर पडला की तो मधल्या मध्ये फिरतो. पहारेच्या डावाला मात्र दगड क्षणभर तरी टेकूवर बसलेला लागतो. समोरचा पुढे झुकलेला हवा, तुमच्या पाठीला चिकटलेला हवा, आणि तुमची कंबर त्याच्या पट्ट्याच्या खाली हवी. तुम्ही पहारेचा डाव निवडला आहे आणि तुमच्या सरावात दगड आयता टेकूवर आणून ठेवलेला असतो. रांदोरीत दगड स्वतःहून येऊन बसत नाही, त्याला तिथे आणावं लागतं.

सेओई नागे जवळून पाहू. उजव्या हाताचा डाव धरतो. डावा हात त्याच्या उजव्या बाहीवर, कोपराजवळ. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी जवळजवळ सैल. सगळी बोटं सारखीच आवळली तर मनगट आखडतं आणि ओढ खांद्यात अडकते. ही बाही खाली ओढायची नाही. मनगटावरचं घड्याळ बघतो तसा हात वर आणि स्वतःकडे यायला हवा, कोपर खांद्याच्या उंचीला, करंगळी आकाशाकडे. बाही खाली ओढली की त्याचा खांदा खाली येतो, त्याचं वजन टाचांवर बसतं आणि तो खुंट्यासारखा रोवला जातो. वर ओढली की त्याची काख उघडते आणि तो चवड्यांवर येतो. उजवं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला पडतं, त्याच्या बोटांपासून वीतभर अंतर राखून. इथे नव्वद टक्के मुलं चुकतात, ती घाईने त्याच्या पायांच्या अगदी मध्ये जाऊन पडतात. फार आत गेलात की वळताना तुमची कंबर त्याच्या मांड्यांवर आपटते आणि त्याला मागे ढकलते. म्हणजे हाताने पुढे आणताय आणि कंबरेने मागे सारताय. मग डावा पाय मागून फिरून येतो, गुडघे वाकतात, पाठ सरळ राहते. कंबरेत वाकायचं नाही. गुडघे न वाकवता नुसते पुढे वाकलात की तुमची पाठ आणि त्याची छाती यांच्यामध्ये हवा राहते. मी मुलांच्या पाठीवर एक जुना टॉवेल टाकतो आणि सांगतो, वळल्यावर हा टॉवेल तुम्हा दोघांच्या मध्ये दाबलेला राहिला पाहिजे. ज्याचा टॉवेल खाली पडतो त्याचा डाव लढतीत लागत नाही.

शेवटी डोकं. मान डावीकडे वळून नजर आपल्या डाव्या खांद्यापलीकडे मागे जायला हवी. जिथे डोकं जातं तिथे पाठीचा कणा जातो. बरीच मुलं डाव करताना जमिनीकडे बघतात आणि मग समोरचा पाठीवर अर्धवट लोंबकळत राहतो.

या डावाचं उदाहरण म्हणून जपानच्या तोशिहिको कोगा यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला ते ७१ किलो गटात उतरले तेव्हा काही दिवस आधी सरावात त्यांचा गुडघा जायबंदी झाला होता. तरी सुवर्ण घेऊन आले. त्यांच्या जुन्या लढती पुन्हा पुन्हा बघा, पण फेकीचा क्षण बघू नका. त्याच्या आधीचे चार-पाच सेकंद बघा. हात काय करतायत, समोरच्याला ते कुठे चालवतायत. फेक तिथेच झालेली असते.

तर, न हलणाऱ्या, हात ताठ करून वाकून उभ्या असलेल्या माणसाला टेकूवर कसं आणायचं? इथे मला मॅटपेक्षा माती जास्त उपयोगी पडली. आमचे वस्ताद खडाखडी, म्हणजे उभ्याने चाललेली हातांची झटापट, चालू असताना एकच गोष्ट ओरडून सांगायचे: "हूल दे! हूल दिल्याशिवाय डाव मागू नको!" कुस्तीत कपडा नाही, धरायला मनगट, दंड आणि मान एवढंच. पैलवान गर्दनखेच करतो, म्हणजे मानेवर हात टाकून समोरच्याला खाली खेचतो. खाली खेचून त्याला खाली पाडायचं नसतं. कोणाचीही मान खाली दाबली की तो ती झटक्याने वर उचलतो. ती वर आली की छाती उघडी पडते, वजन टाचांवर जातं, आणि त्याच क्षणी पैलवान पटाला, म्हणजे पाय धरायला, खाली शिरतो. समोरच्याने स्वतःच्या ताकदीने स्वतःला उघडं केलेलं असतं. त्याला खाली ढकलणं हा निरोप होता, त्याने दिलेलं उत्तर हा डाव.

ज्युदोत हेच सगळं बाहीने आणि गळपट्टीने करता येतं. तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे को उची गारी आणि त्यावर सेओई नागे. को उचीत तुम्ही त्याच्या टाचेला आतून कापता आणि त्याला मागे रेटता. मनापासून रेटा, नाटक करू नका, कारण नाटकाला जाणकार माणूस उत्तर देत नाही. हूल खरी वाटली तरच तो प्रतिक्रिया देतो. मागे पडू नये म्हणून तो वजन पुढे फेकतो आणि पाय पुन्हा रोवतो. हे पुढे फेकलेलं वजन म्हणजे टेकूवर येऊन बसलेला दगड. तिथे तुमचं वळण व्हायला हवं, त्याचं वजन पुढे येत असताना, आल्यावर नाही. हे सांगायला सोपं आणि साधायला अवघड आहे हे मला माहीत आहे. मला स्वतःला ते हातात यायला चार वर्षं लागली.

कानोंनी हाच मुद्दा आकड्यांत मांडला होता. समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात धरा. तो ढकलत असताना मी अडवलं तर हरणार. मी तोल सांभाळून तेवढाच मागे सरलो, तर तो पुढे कलतो आणि त्या अवघडलेल्या स्थितीत त्याची ताकद तीनच उरते. मग माझ्या सातातली निम्मी पुरते. यात एक अट दडलेली आहे जी लोक विसरतात: मी मागे सरताना माझा तोल शाबूत हवा. दोघेही ढळलेले असतील तर जड माणूस जिंकतो, यात काही संशय नाही.

मातीचा विषय निघालाच आहे तर खाशाबा जाधवांबद्दल थोडं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला ५७ किलोखालच्या बँटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ढाक हा त्यांचा हुकमी डाव म्हणून सांगितला जातो. ढाकेत समोरच्याच्या मानेला हाताचा विळखा पडतो, त्याचा एक हात काखेत दाबला जातो आणि कंबर खाली घालून त्याला वरून टाकलं जातं. ज्युदोतल्या कोशी गुरुमाच्या हा फार जवळचा डाव आहे. ढाक फसली तर पाठ समोरच्याच्या हाती जाते आणि तो कब्जा घेतो. म्हणून मातीत ढाक मारणारा अर्धवट मारत नाही. शिरला की शिरला. मॅटवरच्या मुलांमध्ये मला नेमकं हे कमी दिसतं. प्रतिडावाची भीती असते, म्हणून ते अर्धी कंबर घालतात आणि अर्धी बाहेर ठेवतात. अर्धा घातलेला डावच सगळ्यात सहज उलटतो. ओसोतो गारीत हे रोज दिसतं. मुलगा लांबून पाय टाकतो, स्वतःची छाती मागे राहते, आणि समोरचा नुसता पुढे झुकून त्यालाच त्याच डावाने पाडतो. छातीला छाती भिडवून, डोकं त्याच्या खांद्याच्या पुढे नेऊन मग पाय जायला हवा.

जाता जाता एक सांगतो, कारण यात मला फार आनंद वाटतो. कानो विद्यार्थी असताना एका जड सोबत्याला काही केल्या पाडू शकत नव्हते. त्यांनी सुमोचे डाव वापरून पाहिले, ते चालेनात. शेवटी वाचनालयातल्या परदेशी कुस्तीच्या पुस्तकात त्यांना माणसाला खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचा डाव सापडला, आणि तो लागला. पुढे तो काता गुरुमा म्हणून ज्युदोत आला. आमच्या तालमीतला कोणताही पठ्ठ्या तो बघून म्हणेल, ही तर कलाजंग. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धेत उभ्या लढतीत पाय हाताने पकडायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीचा काता गुरुमा स्पर्धेतून गेला. मी तरीही शिकवतो. जड माणसाच्या खाली कसं जायचं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरा कोणता डाव दाखवत नाही.

पकडीबद्दल एवढंच: आधी पकड, मग पाऊल, मग डाव. रांदोरीत तुम्हाला त्याची बाही मिळालेली नसताना सेओई मारत असाल तर आजपासून थांबवा. त्याचा तो हात मोकळा असेल तर तो तुमच्या कंबरेवर टेकवून तुम्हाला बाहेरच थोपवतो. आणि त्याचे हात ताठ असतील तर त्याबद्दल तक्रार करू नका, फायदा घ्या. ताठ हात म्हणजे थेट त्याच्या धडाला जोडलेली काठी. तुम्ही बाजूने गोल चालू लागलात की ती काठी त्याला तुमच्याभोवती फिरवते आणि बाहेरच्या पायाला लांब पाऊल टाकावं लागतं. लांब पाऊल म्हणजे उशिरा टेकणारं पाऊल. तिथे देआशी बाराई आहे, सासाए आहे. एक-दोनदा पाय गेला की तो हात आपोआप सैल करतो, आणि मग तुमची सेओई उघडते.

आता ताकद. "ज्युदोत ताकद लागत नाही" असं जे सांगितलं जातं ते मी माझ्या मुलांना कधीच सांगत नाही, कारण ते खरं नाही. वजनी गट उगाच केलेले नाहीत. दोघांचं तंत्र सारखं असेल तर ताकदवान जिंकतो. तुम्हाला जी ताकद हवी ती छातीची किंवा दंडाची नाही. पकड टिकवणारी बोटं आणि मनगट, बैठक मारून उठणारी मांडी, आणि वळताना वरच्या-खालच्या अंगाला एकत्र बांधून ठेवणारं पोट-कंबर. तालमीतल्या सपाट्या, बैठका आणि दोर चढणं यातून हे सगळं मिळतं. वजनी डंबेल्सना माझा विरोध नाही. पण दोर असेल तर आठवड्यातून तीनदा चढा, फक्त हातांनी, उतरताना हळू. पकडीसाठी मला याच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. फेक लागते की नाही हे तुमच्या जोडीदाराच्या पडण्यावरही अवलंबून असतं. ज्याला उकेमी, म्हणजे इजा न होता पडायची पद्धत, येत नाही तो पडायला घाबरतो, घाबरलेला माणूस सरावात अंग आखडतो, आणि आखडलेल्या माणसावर तुमचा डाव कधी मोकळा होत नाही. दोघांचंही नुकसान. शिकवायला लागल्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एका नवख्या मुलाला ओसोतो गारी दाखवली. त्याला उकेमी जमायला लागली होती असं मला वाटत होतं. तो मागे गेला तेव्हा मी बाही सोडून दिली. त्याची हनुवटी छातीला लागलेली नव्हती, डोकं मॅटवर आपटलं. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या, रात्रभर दवाखान्यात ठेवलं. तो बरा झाला, पण ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि चूक पूर्णपणे माझी होती. नवशिक्यांच्या डोक्याला होणाऱ्या इजांमध्ये ओसोतो गारीचं नाव जपानमध्येही सगळ्यात आधी घेतलं जातं. तेव्हापासून माझ्याकडे पहिले तीन महिने ओसोतो नाही. टाकणाऱ्याचा बाहीवरचा हात शेवटपर्यंत सुटायचा नाही. समोरचा जमिनीला लागत असताना तो हात वर खेचलेला असला पाहिजे, म्हणजे त्याचं डोकं वर राहतं. गंमत अशी की हाच हात गुणही मिळवून देतो. इप्पोनसाठी, म्हणजे लढत तिथेच जिंकून देणाऱ्या पूर्ण गुणासाठी, पाठ टेकणं, वेग आणि जोर यांच्याबरोबर ताबाही बघतात, आणि बाही सुटली की ताबा गेला.

तुमच्यासाठी मी पुढचे सहा आठवडे असे आखीन. उभ्या जोडीदारावरची उचिकोमी निम्मी करा. उरलेली चालत करा. तो मागे जातोय, पुढे येतोय, बाजूला सरकतोय, आणि दर तिसऱ्या पावलाला तुमचं वळण. जोडीदाराला सांगा की तोल गेला तर सावरायचं पाऊल जरूर टाक. सुरुवातीला तुमचा डाव कोसळेल, दहातले आठ चुकतील. ते चुकलेले आठ तुमच्या मागच्या शंभरांपेक्षा मोलाचे आहेत. रांदोरीत महिनाभर फक्त को उची आणि सेओई एवढीच जोडी खेळा, आणि ती स्वतःपेक्षा हलक्या जोडीदारांवर आधी. जड लोकांकडे घाईने जाऊ नका.

आणि रोज पाच मिनिटं हे करा. नेहमीची पकड घ्या आणि डोळे मिटा. जोडीदाराने हळूहळू चालायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. तुम्ही मोठ्याने सांगायचं: "डावा... उजवा... उजवा... दोन्ही." पहिल्या दिवशी अंदाज चुकतात, कारण आपण हातांनी सतत ओढत असतो आणि ओढणाऱ्या हाताला काही ऐकू येत नाही. पकड पाण्याची बादली धरावी इतकी सैल केली की बाहीतून कळायला लागतं. आधी खांदा किंचित खाली येतो, मग कापडाला ताण बसतो, मग पाऊल पडतं. माझ्याकडची मुलं साधारण दोन आठवड्यांत दहातले सात-आठ बरोबर सांगतात. मग मी जोडीदाराला वेग वाढवायला सांगतो. ज्या दिवशी तुम्ही पाऊल पडायच्या आधी "उजवा" म्हणाल, त्या दिवशी डोळे उघडा आणि तोच शब्द न उच्चारता त्या जागी वळा.